बादलीतला पळस

“हा पळस आहे?” मोहतमीम साहेबांनी, म्हणजे शाळा तपासायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी, विचारले.

ड्रॉइंगच्या वर्गात खिडकीजवळ पाण्याच्या बादलीत एक फांदी उभी होती. तिला पान नव्हते. फूलही नव्हते. होत्या त्या काळपट, मखमली कळ्या. साहेबांच्या हातात माझ्या वर्षाच्या कामाचा मंजूर तख्ता होता आणि त्यात चालू महिन्यासमोर पळसाच्या फुलाचे रंगकाम लिहिलेले होते. मुलांच्या डेस्कवर मात्र करडईची काटेरी बोंडे पडलेली होती.

“होय, पळस आहे,” मी म्हणालो.

“आणि फूल?”

“अजून यायचे आहे.”

साहेबांनी आमच्या हेडमास्तरांकडे पाहिले. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या मागे कोणी नव्हते, म्हणून मी फांदीकडे पाहिले.

या प्रसंगाच्या दोन हकीकती जालन्यात फिरतात. पहिली शाळेच्या स्मरणिकेत छापून आलेली आहे. तिचा लेखक माझाच माजी विद्यार्थी असून आज नामांकित वकील आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी फांदीला लाल पतंगी कागदाची फुले बांधून तपासनिसांची दिशाभूल केली आणि वर्ग वाचवला. दुसरी हकीकत माझे जुने सहकारी, गणिताचे शिक्षक, प्रत्येक सत्कारसमारंभात सांगतात. त्यांच्या मते तपासनीस कट्टर होता, मराठी महिन्यांची नावे त्याला सहन होत नव्हती आणि मी निजामी सत्तेसमोर निधड्या छातीने उभा राहिलो. पहिल्या हकीकतीत मी लबाड आहे, दुसरीत वीर. दोन्ही मला अमान्य आहेत. गणिताचे शिक्षक तर त्या दिवशी अंबडला बहिणीच्या घरी होते. मी वर्गात उभा होतो. तेव्हा जे घडले ते मी सांगतो, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी ती माझ्यासमोर बोलून दाखवावी.

आमची शाळा सरकारी होती. हैदराबाद संस्थानातल्या रिवाजाप्रमाणे वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत चाले. मुले मात्र नाना प्रकारची. घनसावंगी-अंबडकडची शेतकऱ्यांची मुले बोर्डिंगात राहत. पेठेतल्या मारवाडी दुकानदारांची मुले घरून येत. कादराबादेतली मुसलमान मुले नदी ओलांडून येत. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा तो काळ. मी मुंबईला ड्रॉइंगचे शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, आपल्या मुलखात परत आलो होतो, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्मरणिकेत माझा उल्लेख ‘हौशी चित्रकार’ असा झाला आहे.

माझ्या आधीचे मास्तर छापील नमुन्यांवरून चित्रे काढून घेत. विलायती खांबांवरची कातरलेली पाने, द्राक्षांचे घोस, शिंपले. मुले वर्षानुवर्षे तीच पाने गिरवत होती. मी पहिल्या दिवशी तो नमुना फळ्यावर लावून विचारले की हे काय आहे. आसाराम नावाचा घनसावंगीकडचा थोराड मुलगा उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, “मास्तर, पालक हाय. कीड लागून राह्यली त्याला.” मी तो नमुना उतरवला आणि परत कधी लावला नाही. जे समोर आहे तेच काढायचे, हा नियम मी त्या दिवशी वर्गाला दिला.

त्याच वर्षी हैदराबादेहून हुकूम आला. प्रत्येक शिक्षकाने सालभर काय शिकवणार याचा महिनावार तख्ता, म्हणजे आराखडा, उर्दूत लिहून मंजूर करून घ्यावा. ड्रॉइंगसाठी आणखी एक ओळ होती. वरच्या दोन वर्गांत हा विषय चालू ठेवायचा की बंद करायचा, हे वर्षअखेरच्या मुआयन्यात, म्हणजे तपासणीत, तख्त्याप्रमाणे काम झालेले दिसते की नाही यावरून ठरेल. विषय बंद झाला तर माझी रवानगी कुठल्यातरी तालुक्याच्या प्राथमिक शाळेत पाढे म्हणून घ्यायला होणार होती. मुलांचे काय होणार होते, ते हुकुमात लिहिलेले नव्हते.

ड्रॉइंगचा वर्षाचा आराखडा म्हणजे बारा चित्रांची नावे, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पावसाळ्यात कागद ओल धरतो. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर, नीट वाळत नाही आणि डाग राहतात. म्हणून आषाढात फक्त पेन्सिल. अंबाडीचे फूल सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटते. म्हणून ज्या महिन्यात अंबाडी, त्या महिन्यात ड्रॉइंगचा पिरियड सकाळी मागून घ्यावा लागतो. कापसाचे बोंड पांढरे आणि कागदही पांढरा. तिथे बोंड रंगवायचे नसते, त्याच्या भोवतीची सावली रंगवायची असते. ही गोष्ट सांगून कळत नाही. हाताला कळावी लागते. करडईच्या काट्यांनी रेषेला टोक येते. आणि ही सगळी तयारी झाल्यावर, सर्वांत शेवटी, पूर्ण रंग: पळस. संपूर्ण वर्ष त्या एका फुलाकडे चढत जाणारे होते. मधली पायरी काढली तर वरची अधांतरी राहते.

हा आराखडा मी मराठी महिन्यांत लिहिला. त्यात कोणताही क्रांतिकारी हेतू नव्हता, हे गणिताच्या शिक्षकांनी ऐकून घ्यावे. अर्ध्याहून अधिक मुले शेतीवाल्यांची. पोळ्याला ती गावी जाणार, दसऱ्याला जाणार, सुगीला जाणार. कोण कधी गैरहजर राहील हे मराठी महिन्यांतच मोजता येत होते. सरकारी कारभार फसली सालाने चाले; आजूर, दै, बहमन, फरवर्दी अशी त्याची महिन्यांची नावे. ते महिने सूर्याच्या हिशेबाने जात. आमचे चंद्राच्या. दोहोंचा मेळ घालायला दर दोन-तीन वर्षांनी आपण अधिक महिना धरतो, हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी अधिक श्रावण होता. मी तो विचारपूर्वक वेगळा धरला आणि त्यात भूमितीच्या आकृत्यांचे डिझाइन टाकले. त्यानंतर निज श्रावण, भाद्रपद, आणि क्रमाने पुढे.

उर्दू तर्जुमा आमच्या मौलवी साहेबांनी केला. ते फारसीचे शिक्षक. वयाने सर्वांत वडील, स्वभावाने मऊ. शाळेतला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाई. त्यांचे अक्षर शिकस्ता वळणाचे होते. शिकस्ता म्हणजे घाईची, तुटक जोडणीची लिपी. फारसी शिकलेल्यालाच ती वाचता येते. मला उर्दू बोलता येत होते, छापील वाचता येत होते, शिकस्ता येत नव्हती. तर्जुमा मंजूर होऊन हेडमास्तरांच्या कपाटात गेला. माझ्याकडे माझी मराठी प्रत राहिली.

पहिले काही महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी हेडमास्तर वर्गात आले. ते हैदराबादचे, टापटिपीचे, शिस्तीचे, वेळेचे पक्के. मुले अंबाडी काढत होती. त्यांनी कपाशीचे बोंड कुठे आहे असे विचारले. मी सांगितले की ते पुढच्या महिन्यात. ते म्हणाले की तख्त्यात या महिन्यात आहे. मी नम्रपणे म्हणालो की नाही. ते तितक्याच नम्रपणे म्हणाले की आहे. बोंडे काही ठिकाणी फुटू लागली होती, म्हणून वाद न वाढवता मी मुलांकडून एकेक बोंड काढून घेतले. हेडमास्तरांना घाई झाली असावी, असे मी समजलो.

महिनाभराने तेच घडले. त्यांनी त्याच्या पुढचे चित्र मागितले. मी माझी प्रत काढून पाहिली. प्रत माझ्याच अक्षरात होती आणि तिच्यात मी बरोबर होतो. त्यांनी आपला तख्ता पाहिला. त्यात ते बरोबर होते. आम्ही दोघे एकाच आराखड्याबद्दल बोलत होतो आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.

मुलांची अवस्था त्याहून बिकट झाली. हेडमास्तर एक सांगून जात, मी दुसरे सांगे. आसारामने एकदा पेन्सिल खाली ठेवून विचारले, “मास्तर, एकदाचं ठरवा नं. हेडसाहेब म्हणून राह्यले पुढचं काढा, तुम्ही म्हणून राह्यले थांबा. आमी कोन्त्या महिन्यात हावोत?”

खरे सांगायचे तर त्या सुमारास मलाही खात्री वाटेनाशी झाली होती. एका संध्याकाळी घरी येऊन मी पत्नीला विचारले की आज महिना कोणता. ती चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले की शाळेत कोणी काही बोलले का. मी पंचांग काढले. मार्गशीर्ष होता. शाळेच्या भिंतीवर जिनिंग फॅक्टरीने दिलेले इंग्रजी कॅलेंडर होते. त्यात डिसेंबर होता. हेडमास्तरांच्या खोलीत बहमन. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि माझा वर्ग मात्र चुकलेला होता.

खुलासा झाला तो माघात, मुआयन्याला थोडेच दिवस उरले असताना. शिक्षकांच्या खोलीत मी मौलवी साहेबांना सहज विचारले की मौलवी साहेब, तख्ता उतरवताना काही राहिले तर नाही ना. त्यांनी चष्मा पुसला.

“राह्या कुछ नईं, मास्टर साब. उलटा एक जास्ती था. आप सावन दो दफे लिख दिये थे. मैं एक काट दिया. इतनी गलती तो सबसे होती.”

त्यांनी माझी चूक सुधारली होती, आणि ती चारचौघांत बोलून दाखवायची नाही एवढा मोठेपणाही दाखवला होता. तख्त्यात त्यांनी माझी चित्रे फसली महिन्यांसमोर ओळीने लावली होती, म्हणून एक महिना उडाला आणि त्यानंतरची सगळी चित्रे एक घर अलीकडे आली. माझा फाल्गुनातला पळस सरकारदरबारी फरवर्दीत, म्हणजे माझ्या माघात, येऊन बसला होता.

मी त्यांना अधिक महिना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. त्यांच्या हिजरी सालातले महिने सगळ्या ऋतूंतून फिरत जातात, एवढे त्यांना ठाऊक होते.

“हमारे यहाँ महीना घूमता है,” ते म्हणाले, “मगर दुगना नईं होता. ये जास्ती के महीने की तनखा मिलती क्या?”

मी म्हणालो, नाही.

“तो फिर मैं बराबर काटा,” ते म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

मी हेडमास्तरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी ऐकले. त्यांना ते समजले, असा माझा समज आहे. निदान त्यांनी दोनदा मान हलवली. मग त्यांनी सांगितले की मंजूर तख्त्यात खाडाखोड झालेली दिसली तर ड्रॉइंगच काय, सगळ्या शाळेच्या तख्त्यांवर संशय येईल.

“मंजूर तख्ता बदलता येत नाही,” ते म्हणाले. “पळस बदला.”

त्यांची योजना साधी होती. चपराश्याने रेल्वे लाइनच्या पलीकडून पळसाची फांदी तोडून आणायची. पेठेतून लाल पतंगी कागद आणायचा. फांदीला कागदाची फुले बांधायची, मुलांनी ती पाहून काढायची. मी नकार दिला. ते म्हणाले की मग मुलांना स्मरणाने काढू द्या. मेमरी ड्रॉइंग हाही विषयच आहे. ते खरे होते. मेमरी ड्रॉइंग म्हणजे पाहिलेली वस्तू ती समोर नसताना काढणे. पण आधी पाहिलेली असावी लागते, निरखून पाहिलेली. नुसता लाल रंग लक्षात असणे म्हणजे स्मरण नव्हे. हेडमास्तर वाईट मनुष्य नव्हते. त्यांना वाटत होते की मी एका फुलासाठी वर्ग घालवतो आहे. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही.

फांदी आली. कागदही आला. फांदी बादलीत ठेवली गेली. कागद कपाटात राहिला. मी त्याला हात लावला नाही. वकीलसाहेबांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मुआयन्याच्या दिवशी मोहतमीम साहेबांबरोबर हेडमास्तर होते, मौलवी साहेब होते आणि पेठेतले एक शेठजी होते. शेठजींचे घराणे राजस्थानातून येऊन जालन्यात स्थिरावलेले. शाळेला बाके त्यांनीच दिलेली, म्हणून तपासणीला त्यांना मानाने बोलावत. त्यांचा मुलगा मदनलाल माझ्याच वर्गात होता. अशा लवाजम्यासमोर तो प्रश्न आला: हा पळस आहे?

मी उत्तर दिल्यावर साहेबांनी तख्त्यावर बोट ठेवले. या महिन्यात फूल येईल असे तुम्ही लिहून दिले आहे, ते म्हणाले. मी म्हणालो की मी फाल्गुन लिहिला होता. त्यांनी विचारले की मग आत्ता कोणता महिना चालू आहे.

“फरवर्दी,” हेडमास्तर म्हणाले.

“माघ,” मी म्हणालो.

शेठजींनी घसा साफ केला. “फागण लाग गयो, साब,” ते म्हणाले. “पूनम हो गई.”

मारवाड्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे शेठजींच्या घरी फाल्गुन सुरू झालेला होता. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. माझ्याच तोंडचा फाल्गुन शेठजींनी मला आणून दिला होता, आणि फूल तर नव्हते.

साहेबांनी मौलवी साहेबांकडे पाहिले.

“मोहर्रम,” मौलवी साहेब म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. साहेबांनी भिंतीवरचे जिनिंग फॅक्टरीचे कॅलेंडर पाहिले, पण त्याबद्दल काही विचारले नाही. ते खुर्चीवर बसले. मी अधिक महिन्याची हकीकत सांगितली. मौलवी साहेबांनी आपण सावन कसा कापला ते सांगितले, कोणतीही लपवाछपवी न करता. शेठजी म्हणाले की अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, मात्र तो महिन्याच्या मधोमध येतो. या माहितीने कोणाचेही भले झाले नाही.

साहेब म्हणाले, “मास्टर साहेब, मला महिने ठरवायला पाठवलेले नाही. मला एवढेच पाहायचे आहे की ही मुले काही शिकली की नाही. ही फांदी माझ्यासमोर काढतील?”

“काढतील,” मी म्हणालो.

करडई बाजूला सरली. कागद लागले. मुले गोंधळलेली होती. कोणी विचारले, फूल काढायचे का कळी? आसाराम म्हणाला, “मास्तर, कालपर्यंत फूल म्हनून राह्यल्ते.” सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, हेडमास्तर पाहत होते, साहेब पाहत होते. मी म्हणालो, “जे दिसते ते काढा.”

साहेबांनी चहा मागवला आणि वर्गातच बसून घेतला. मुले काढत राहिली. कळी काढणे सोपे नसते. मखमलीला चकाकी नसते, म्हणून उजेड कुठे ठेवायचा हे कळत नाही. पण कापसाच्या बोंडाने या मुलांना सावलीवरून आकार ओळखायला शिकवले होते, आणि करडईने टोक सांभाळायला. माझ्या आराखड्यातला प्रत्येक महिना मला त्या कागदांवर दिसत होता, बाकी कोणाला तो दिसत होता की नाही देव जाणे.

साहेब उठून एकेक कागद पाहू लागले. काळी फांदी, मिटलेल्या कळ्या. पुढच्या कागदावर तेच. आसारामच्या कळ्या सुरवंटांसारख्या झाल्या होत्या, पण फांदीचा गाठाळपणा असा उतरला होता की साहेबांनी तो कागद उजेडाकडे धरला. मग ते मदनलालच्या बाकाशी आले.

मदनलालच्या फांदीला भडक लाल फुले लगडली होती. एकही कळी नव्हती.

“ही फुले कुठे आहेत?” साहेबांनी विचारले.

मदनलालने बादलीकडे पाहिले. मग हेडमास्तरांकडे पाहिले. “हेडसाहेब बोल्ले होते, लाल काढा म्हणून,” तो म्हणाला. “फाल्गुनच लागलाय नं आमच्या घरी.”

शेठजींनी मान खाली घातली. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी मदनलालचा कागद एका बाजूला ठेवला आणि इतरांचे कागद दुसऱ्या बाजूला.

हाच मदनलाल आज वकीलसाहेब आहे. त्या दिवशीच्या बादलीत त्याला लाल फुले आठवतात याचे मला नवल वाटत नाही. ती त्याने स्वतःच्या हाताने काढली होती. कपाटातला पतंगी कागदही त्याने पाहिला असेल. स्मरण असेच काम करते. म्हणूनच मी मेमरी ड्रॉइंग वस्तू समोर ठेवून काढून झाल्यावरच देत असे.

निकाल तिथेच मिळाला. साहेब म्हणाले की फांदी खरी आहे, मुलांची चित्रे खरी आहेत, तख्ता मात्र खोटा आहे. मुले शिकलेली दिसतात, म्हणून वर्ग चालू राहील. मी आभार मानायला तोंड उघडणार तोच ते पुढे म्हणाले, “पुढच्या सालापासून तख्त्यात अशीच वस्तू लिहा, जी प्रत्येक महिन्यात मिळते आणि ज्याच्या त्याच्या महिन्यात मिळते. पाने-फुले नकोत.”

मी विचारले, मग काय लिहू?

“मडके,” ते म्हणाले. “मडक्याला मोसम नसतो.”

हा मनुष्य कट्टर होता असे जे सांगतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याने कोणाच्या महिन्याला नावे ठेवली नाहीत. त्याने सगळ्यांचेच महिने समान न्यायाने काढून टाकले. वर्षभर चढत गेलेला माझा आराखडा त्याने एका दयाळू वाक्यात संपवला, आणि त्यावर रागावण्याची सोयही ठेवली नाही. पुढे पोलिस अॅक्शन झाली, संस्थान गेले, आणि लोकांना त्या काळातल्या प्रत्येक भांडणाला लढ्याचे रूप द्यावेसे वाटू लागले. माझा त्याला विरोध आहे. काही भांडणे नुसती गोंधळाची होती.

आता कोणीच सांगत नाही अशी एक गोष्ट. त्या वर्षी पळस मौलवी साहेबांच्या महिन्यात फुलला नाही आणि माझ्याही महिन्यात फुलला नाही. तो मधेच, फरवर्दी संपल्यावर आणि फाल्गुन लागण्याआधी, शिवरात्रीच्या सुमारास भडकला. मी फाल्गुनात मुलांना रेल्वे लाइनपलीकडे घेऊन गेलो तेव्हा झाडाखाली चुरगळलेल्या पाकळ्यांचा सडा होता आणि वर थोडी उरलीसुरली फुले. मी पंचांग पाहून अधिक महिना बरोबर धरला होता. झाडाने धरला नव्हता. मुलांनी त्या उरल्या फुलांवरच रंगकाम केले. चांगले झाले. तपासायला कोणी नव्हते.

पुढच्या साली मी तख्त्यात मडके लिहिले. आडवे मडके, उभे मडके, दोन मडकी, झाकण असलेले मडके, काठ फुटलेले मडके. मौलवी साहेबांनी शिकस्तेत ते सगळे उतरवले आणि या वेळी एकही मडके कापले नाही. तख्ता विनातक्रार मंजूर झाला.

मग मी मुलांना वर्गातून उठवून मागच्या व्हरांड्यात बसवले. मडके कठड्यावर ठेवले. कठड्याच्या पलीकडे मोकळी जमीन होती आणि चपराश्याला मी तिथे थोडी अंबाडी, दोन-चार कपाशीची झाडे आणि करडईची एक ओळ लावायला सांगितले होते. तख्त्यात वस्तूसाठी रकाना होता, माध्यमासाठी रकाना होता. बॅकग्राउंडसाठी, म्हणजे वस्तूच्या मागे जे दिसते त्यासाठी, रकाना नव्हता. जे समोर आहे ते काढायचे, हा वर्गाचा नियम तसाच होता. कठड्यामागे त्या त्या महिन्यात जे असेल ते मुले काढत. कोणाच्या पंचांगाने तो महिना मोजायचा, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

मुआयन्याला तेच मोहतमीम साहेब आले. त्यांनी चित्रे एकेक करून उलटली. मडक्यामागे अंबाडी, मडक्यामागे फुटलेले बोंड, मडक्यामागे करडईचे काटे. ते एका चित्रापाशी थोडे थांबले. माझ्याकडे पाहिले नाही. “मडके चांगले आहे,” म्हणाले आणि सही केली.

नोकरीत शिकलेली गोष्ट एवढीच सांगता येईल: मंजुरी ज्याला लागते ते पुढे मांडावे, आणि शिकवायचे असेल ते त्याच्या मागे उगवू द्यावे. मी निवृत्त होईपर्यंत पळसाबद्दल मला कोणीही पुन्हा विचारले नाही. मडक्याबद्दल मात्र दरवर्षी शेरा मिळत गेला: समाधानकारक.